फाइल उघडली आणि बापाचं नाव गेलं

गेल्या जूनमध्ये तालुक्यातल्या एका उर्दू शाळेच्या बाजींचा फोन आला. “सर, काल वर्गातली सगळी नावं हातानं दुरुस्त केली, सेव्ह केली. आज फाइल उघडली तर पुन्हा तीच गडबड. दुसऱ्या सरांना पाठवली, ते म्हणतात माझ्या मोबाइलवर बरोबर दिसतंय. कम्प्युटरमध्ये जिन्न शिरलाय का?”

जिन्न मीच होतो. ती एक्सेलची फाइल माझी होती.

वैजापूरला आम्हा शिक्षकांचे व्हॉट्सअॅप ग्रुप आहेत. निकालपत्रक, हजेरी, शिष्यवृत्तीची यादी, सगळ्याच्या तयार फाइली त्यावर फिरतात. ज्याला थोडंफार मॅक्रो येतं तो ‘तंत्रस्नेही’ ठरतो आणि त्याची कॉलर जरा ताठ होते. माझीही झाली होती. मी फाइलीत सोय केली होती की ती उघडताच पूर्ण नावाचे आपोआप तीन रकाने व्हावेत: आडनाव, नाव, वडिलांचं नाव. यात फार विद्या लागत नाही. ऑल्ट आणि एफ-११ दाबायचं, डावीकडच्या ‘धिस वर्कबुक’वर दोनदा क्लिक करायचं, तिथे ‘वर्कबुक ओपन’ या घटनेखाली हुकूम लिहायचे आणि फाइल मॅक्रो चालणाऱ्या, म्हणजे एक्सएलएसएम प्रकारात ठेवायची. साध्या एक्सएलएसएक्समध्ये ठेवली तर कोड गळून जातो. हेच हुकूम चुकून साध्या मॉड्यूलमध्ये लिहिले तर फाइल उघडते, पण काहीच घडत नाही. माझे पहिले दोन दिवस त्यातच गेले. शेवटी जमलं तेव्हा इतका आनंद झाला की आता हे काय काय बिघडवू शकेल, हा विचार मनात आलाच नाही.

बिघडलं ते असं. पहिला शब्द आडनाव, दुसरा नाव, तिसरा वडील, असा माझा हिशोब. पाटील, जाधव, त्रिभुवन यांना तो बसतो. पण आपल्या मराठवाड्यात मुलाचं नाव ‘शेख अयान शेख रफिक’ असं लिहितात. त्यात वडील झाले ‘शेख’, आणि रफिक गायब. ‘पठाण आफरीन अजीज खान’मधला खान गळाला. ‘सय्यद नाजिया बी सय्यद नूर’ या मुलीच्या वडिलांचं नाव झालं ‘बी’. यात कुणाचा कट नव्हता. कोड लिहिणारा मुसलमान, उर्दू शिकवणारा, स्वतःचं नाव चार शब्दांचं. तरी डोळ्यांसमोर नमुना होता तो मराठी माध्यमाच्या एका वर्गाचा, आणि तीन शब्दांचं नाव म्हणजेच नाव, हे मी न विचारता धरून चाललो.

बाजी दुरुस्ती करत होत्या ती वडिलांच्या रकान्यात. मॅक्रो मात्र प्रत्येक वेळी फाइल उघडली की मूळ नावावरून तो रकाना नव्यानं भरत होता. मोबाइलवरच्या एक्सेलमध्ये मॅक्रो चालत नाही, म्हणून त्या दुसऱ्या सरांना सगळं ठीक दिसलं. आणि मॅक्रोनं केलेला बदल कंट्रोल झेडनं मागे येत नाही, हे तर मलाही तेव्हाच कळलं. अपार आयडीला शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव जुळावं लागतं. शिष्यवृत्तीलाही तेच. नाव जुळलं नाही की मजुरी बुडवून चकरा मारायच्या त्या रफिकभाईंनी.

म्हणून माझं मत आता पक्कं आहे. फाइल उघडताच मॅक्रोनं फक्त पाहावं आणि दाखवावं. कुठे रकाना रिकामा आहे, कोणतं नाव तीन शब्दांचं नाही, कोणती तारीख जवळ आली. बदल करायचा असेल तर बटण ठेवा, ते माणसानं दाबावं. काही मित्र म्हणतात, शिक्षक बटण दाबायला विसरतात, म्हणून तर आपोआप हवं. अहो, विसरलं तर काम राहील, दिसेल, उद्या होईल. न सांगता झालेला बदल दिसतच नाही.

आणखी एक खोड आम्हीच लावली आहे. फाइलीबरोबर निरोप असतो, ‘पिवळी पट्टी आली की इनेबल करा’. १९९९च्या मार्चमध्ये मेलिसा नावाचा व्हायरस असाच पसरला. वर्डची फाइल उघडली की मॅक्रो चालायचा आणि आउटलुकमधल्या पहिल्या पन्नास पत्त्यांवर स्वतःला पाठवायचा. २०२२पासून मायक्रोसॉफ्टनं इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो थेट अडवायला सुरुवात केली, लाल पट्टी येते. त्यावर आमच्या ग्रुपवर तोड निघाली: राइट क्लिक, प्रॉपर्टीज, अनब्लॉक. कुणी विचारलं नाही की आत काय लिहिलंय. विचारलं असतं तरी माझ्या कोडला पासवर्ड होता. का, तर कुणी माझं नाव काढून स्वतःचं घालू नये! मुलांच्या बापांची नावं पुसणाऱ्या फाइलीत माझं नाव मात्र शाबूत.

नव्या फाइलीला पासवर्ड नाही. उघडली की तीनपेक्षा जास्त शब्दांची नावं फक्त पिवळी होतात, ती बाजी स्वतः भरतात.

जुनी मात्र अजून ग्रुपांवर फिरते आहे. तुमच्याकडे असेल तर एक्सेलमधल्या ओपनमधून, शिफ्टची कळ दाबून धरून उघडा, म्हणजे मॅक्रो चालणार नाही. वडिलांचा रकाना जनरल रजिस्टरशी ताडून पाहा. तिथे ‘शेख’ किंवा ‘बी’ दिसलं तर आधी मला फोन करा, यादी त्यानंतर पुढे पाठवा.