येळवशीला आजी-आजोबांना घरी ठेवू नका

मार्गशीर्षातली अमावस्या जवळ आली की किल्लारी परिसरातील मंडळी हमखास विचारतात, “डॉक्टर, आईला यंदा शेतात न्यावे का?” बहुतेकांचे उत्तर ठरलेलेच असते. गुडघे दुखतात, मधुमेह आहे, ऊन लागेल. तेव्हा आईने घरीच थांबावे. वाचकहो, माझे मत उलट आहे. अवश्य न्यावे, मात्र तयारीने.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी उद्ध्वस्त झाली आणि गाव नव्या जागी वसले. आज सत्तरी ओलांडलेल्यांचे घर, गल्ली, शेजार सारेच त्या पहाटेनंतर बदलले. शिवार तेवढे जागेवर राहिले. वेळ अमावस्येला तिथे जाण्याचे मोल त्यांच्यासाठी म्हणूनच निराळे आहे.

शिवाय या सणातली कारागिरी त्यांच्याच हातात आहे. कडब्याच्या पेंढ्यांची कोपी कशी उभारावी, आत पांडव कसे मांडावेत, आंबिल किती आंबू द्यावे, हे त्यांना विचारा. त्यांना खुर्चीत बसवून पाहुणे करू नका. पेंढी बांधू द्या, उंडे वळू द्या. बोटांच्या सांध्यांसाठी इतका गोड व्यायाम मला तरी चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

खरा धोका उन्हापेक्षा उशिरा होणाऱ्या जेवणाचा. सकाळी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेतलेले असते आणि पूजा, नैवेद्य होईतो दुपार उलटते. अशा वेळी रक्तातील साखर उतरते. दरदरून घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसल्यास पूजेसाठी थांबू नका. माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या आणि त्यानंतर खायला द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट रुग्णालय गाठा. हे टाळायचे तर घरून निघतानाच न्याहारी द्यावी. औषधाची वेळ आणि मात्रा आदल्या दिवशी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावी, परस्पर बदलू नये.

आंबिलात मीठ बेताचे असावे; रक्तदाब वा हृदयविकार असेल तर एक वाटी पुरे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी शेंगा-पालेभाज्यांनी भरलेली भज्जी चवीपुरतीच घ्यावी. ढेकळांतून चालताना हाताला आधार द्या, गाडी शक्य तितकी कोपीजवळ न्या. आणि सोबत एक बाज असू द्या; जेवणानंतर त्यांना तासभर आडवे होता येईल.