हेल्मेट तपासावे, मिरवू नये

जुनी जर्मन लष्करी हेल्मेटे जमवणे यहुदी घराला शोभते का, असे वडीलधारी मंडळी विचारतात. माझे मत असे: भिंतीवर मिरवायला ती नकोत, हातात घेऊन बारकाईने तपासायला जरूर हवीत.

जर्मन सैन्याला पोलादी हेल्मेट १९१६ साली मिळाले. त्याच्या आत कारखान्याची खूण आणि मापाचा आकडा ठोकलेला असतो. कानशिलांवरच्या दोन खुंट्या कपाळावर जादा पत्रा अडकवण्यासाठी असत. त्याच साली, यहुदी शिपाई आघाडी टाळतात या संशयाने, सैन्यात त्यांची शिरगणती झाली. निकाल युद्ध संपेपर्यंत दडवला. त्या युद्धात सुमारे १,००,००० जर्मन यहुदी होते. सुमारे १२,००० कामी आले. म्हणजे अशी हेल्मेटे आपल्या लोकांच्या डोक्यावरही होती. पुढे नाझींनी त्यातली कित्येक आपली चिन्हे लावून पुन्हा वापरली, आणि १९३५ च्या कायद्याने त्याच माजी सैनिकांचे नागरिकत्व काढून घेतले.

बाजारात भाव असतो तो नाझी चिन्हाला, म्हणून नकली चिन्हेही लावली जातात. तरुणांनो, चिन्हावर भाळू नका. हेल्मेट उलटे करा, आतला शिक्का वाचा आणि ते कोणाच्या डोक्यावर होते, हे आधी विचारा.