नत्र स्वस्त, नांगरट महाग

गव्हाला उतारा कमी पडला की पुढच्या हंगामात युरियाची एक गोणी जादा टाकायची, ही रीत निफाड, सिन्नर, येवला या भागांत नवी नाही. शेतकऱ्याच्या अडाणीपणाला नावे ठेवून हा प्रश्न सुटणार नाही. त्याचे वागणे किमतींच्या हिशेबाला धरूनच आहे. ४५ किलो युरियाची किंमत सरकारने करांखेरीज २४२ रुपयांवर बांधून ठेवली आहे. २०१० साली स्फुरद व पालाशयुक्त खतांच्या किमती मोकळ्या सोडल्या गेल्या, युरिया तेवढा नियंत्रणात राहिला. स्वस्त ते अधिक वापरले जाते, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

बागायती गव्हास वेळेवर पेरणीसाठी हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी शिफारस आहे. सारे नत्र युरियातून दिले तरी सहा गोण्याही लागत नाहीत. खर्च दीड हजाराच्या आसपास. त्यातही अर्धे पेरणीसोबत आणि अर्धे तीन आठवड्यांनी, मुकुटमुळे फुटताना द्यायचे. १९६६ साली मेक्सिकोहून आलेला बुटका गहू जादा नत्र पेलू शकला, कारण त्याचे ताट लोळत नव्हते. परंतु पेलण्यालाही सीमा असते. घटत्या फलाचा नियम शेतानेच अर्थशास्त्राला शिकविला आहे.

खरी मेख मशागतीत आहे. सोयाबीन वा मका निघाल्यावर नांगरट, कुळवाच्या पाळ्या, रोटाव्हेटर हे सारे भाड्याच्या ट्रॅक्टरवर चालते. दोन एकरवाल्याची पाळी ट्रॅक्टरमालकाच्या सवडीने, म्हणजे शेवटी येते. पंधरा नोव्हेंबरनंतर पेरणी लांबल्यास दर पंधरवड्यामागे हेक्टरी सुमारे अडीच क्विंटल उत्पादन घटते, असे कृषी विद्यापीठे सांगत आली आहेत. आपला हिवाळा आखूड. मार्चच्या उन्हात दाणा पोचट राहतो. हुकलेल्या थंडीची भरपाई कोणतीही गोणी करीत नाही. उशिराच्या गव्हाला नत्राची शिफारसही कमीच आहे!

पंजाब-हरियाणात भातानंतर न नांगरता, यंत्राने थेट गहू पेरण्याची पद्धत रुजली. दिवस वाचतात, डिझेल वाचते. सोयाबीननंतर तिचा प्रयोग नाशिकमध्येही करण्याजोगा आहे. मक्याच्या रानात मात्र सावधगिरी हवी. धसकटे कुजविणारे जिवाणू जमिनीतील नत्र स्वतःच वापरतात आणि कोवळे रोप पिवळे पडते. म्हणून पहिला हप्ता फेकून न देता बियाण्यालगत, पेरून द्यावा लागतो. मशागत आणि नत्र हे दोन प्रश्न नसून एकच आहे, हे धोरण आखणाऱ्यांच्या अद्याप ध्यानी आलेले दिसत नाही.

असे पेरणीयंत्र घेणार कोण? वैयक्तिक अनुदान खरेदीनंतर खात्यावर जमा होते. म्हणजे ज्याच्यापाशी आधी पैसा आहे, त्यालाच मदत. युरियाची किंमत एकाएकी वाढविणे हाही उपाय नव्हे, कारण तो घाव लहान शेतकऱ्यावरच बसेल. यंत्रे गावच्या विविध कार्यकारी सोसायटीच्या मालकीची असावीत, भाडे एकरावर ठरावे आणि पाळीत लहान धारणक्षेत्रास अग्रक्रम मिळावा. सोसायट्यांच्या वार्षिक सभा सप्टेंबरअखेर होतात. गव्हाची पेरणी त्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी. कार्यकर्त्यांनी हा ठराव त्या सभांपुढे आणावा. बहुसंख्य सभासद लहान जमिनीचेच आहेत, आणि तेथे मत माणशी एकच असते.