सेवेचे वर्ष जूनमध्ये संपते

जुलै उजाडला की महाराष्ट्रातील बहुतेक तालुक्यांच्या गावी एक ठरावीक सोहळा पार पडतो. मंगल कार्यालयात किंवा हॉटेलच्या सभागृहात रोटरी, लायन्स अथवा इनरव्हील क्लबचे मावळते अध्यक्ष नव्या अध्यक्षांकडे सूत्रे सोपवतात, सचिव गतवर्षीच्या उपक्रमांचा अहवाल वाचतात, प्रमुख पाहुणे समाजऋणाविषयी बोलतात आणि स्नेहभोजनाने सांगता होते. पुढच्या आठवड्यात नव्या कार्यकारिणीचा पहिला उपक्रम होतो. तो बहुधा वृक्षारोपणाचा असतो. पावसाला सुरुवात झालेली असते, रोपवाटिकेतून रोपे मिळतात, शाळेचे आवार किंवा गावाबाहेरची टेकडी हाताशी असते. एका रोपाला सहा-सात हात लागलेले छायाचित्र स्थानिक पानावर छापून येते.

या छायाचित्राची थट्टा करणे सोपे आहे आणि ती पुष्कळदा होतेही. परंतु त्या रोपाचे पुढे काय होते, हा प्रश्न थट्टेने सुटत नाही. जुलैत लावलेल्या रोपाला पहिले तीन-चार महिने पाऊस सांभाळतो. त्याची खरी कसोटी मार्च ते मे या काळात लागते. तेव्हा त्याला नेमाने पाणी घालणारा माणूस हवा असतो आणि शेळ्यांपासून राखणारे कुंपण हवे असते. नेमक्या त्याच महिन्यांत क्लबचे वर्ष उतरणीला लागलेले असते. अध्यक्ष अहवालाची जुळवाजुळव करीत असतात, नियोजित अध्यक्ष आपल्या वर्षाचे संकल्प मांडत असतात. रोप कोणाचेच नसते. पुढच्या जुलैत त्याच टेकडीवर, कित्येकदा त्याच खड्ड्यात, नवे रोप लावले जाते.

सेवा क्लबांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आढळतात. एका मते ही सुखवस्तू व्यापारी, डॉक्टर, वकिलांची जेवणावळीची मंडळे आहेत. दुसऱ्या मते शासन जिथे पोहोचत नाही तिथे पोहोचणारे हेच खरे सेवाव्रती आहेत. दोन्ही मते सदस्यांच्या हेतूविषयी बोलतात. हेतू बहुतांशी चांगलाच असतो. अडचण घड्याळाची आहे. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलैला सुरू होऊन ३० जूनला संपते आणि त्याबरोबर पदाधिकारीही बदलतात. समाजाच्या गरजांना असे वर्ष नसते. जिथे काम या बारा महिन्यांत मावते तिथे क्लब उत्तम कामगिरी करतात. जिथे मावत नाही तिथे पैसा, श्रम आणि सदिच्छा तिन्ही वाया जातात.

या संघटनांचा आरंभ मात्र असा नव्हता. पॉल हॅरिस या वकिलाने २३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागोत रोटरीची स्थापना केली, तेव्हा ते व्यावसायिकांचे स्नेहमंडळ होते. त्याचे पहिले ठळक समाजकार्य १९०७ मध्ये सुरू झाले, ते शहरात सार्वजनिक स्वच्छतागृहे व्हावीत यासाठी. क्लबने स्वतः वर्गणी काढून ती बांधली नाहीत. त्याने नगरपालिकेकडे मागणी लावून धरली, इतर संस्थांना सोबत घेतले आणि विरोधालाही तोंड दिले. पुरुषांची सोय दारूच्या गुत्त्यांत व स्त्रियांची मोठ्या दुकानांत होत असल्याने वेगळ्या स्वच्छतागृहांची गरजच काय, असे त्या धंद्यांतील मंडळींचे म्हणणे होते. सुमारे दोन वर्षांच्या पाठपुराव्यानंतर काम झाले. आपल्याकडे याच प्रश्नावर मुंबईत ‘राइट टू पी’ ही चळवळ २०११ पासून उभी राहिली ती महिला संघटनांच्या बळावर. शहराशहरांत प्रतिष्ठित सदस्य असलेल्या सेवा क्लबांना, ज्यांच्या मूळ पुरुषाने याच कामापासून सुरुवात केली, महापालिकेच्या दारात उभे राहणे का सुचले नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. वाटप करणे सोपे असते. मागणी करताना कोणाची तरी नाराजी पत्करावी लागते आणि ती एका वर्षात निस्तरत नाही.

भारतात रोटरी १९१९ मध्ये कोलकात्यात आली. मुंबईचा क्लब १९२९ चा आणि पुण्याचा १९३६ चा. लायन्सचा भारतातील प्रवेश १९५६ मध्ये मुंबईतून झाला. आरंभीचे इंग्रजाळलेले वळण मागे पडून हे क्लब जिल्ह्यांत आणि तालुक्यांत पसरले. आज रोटरीच्या सदस्यसंख्येत अमेरिकेपाठोपाठ भारताचा क्रमांक लागतो. मुंबईत नाना चुडासामा यांनी १९७२ मध्ये जायंट्स ही पूर्णतः भारतीय संघटनाही काढली.

स्वतःच्याच घड्याळावर या संघटनांनी एकदा मात केली, ती पोलिओच्या बाबतीत. १९७९ मध्ये फिलिपाइन्समधील लसीकरणाला रोटरीने साहाय्य केले आणि १९८५ मध्ये ‘पोलिओप्लस’ हा जागतिक कार्यक्रम हाती घेतला. १९८८ मध्ये जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आदींसह निर्मूलनाची संयुक्त मोहीम सुरू झाली. त्या वेळी सव्वाशे देशांत मिळून दरवर्षी साडेतीन लाखांच्या आसपास मुले या रोगाने ग्रासली जात होती. भारतात १९९५ पासून पल्स पोलिओची देशव्यापी फेरी सुरू झाली. एकेका राष्ट्रीय फेरीत सुमारे १७ कोटी बालकांना डोस पाजले जात. तरीही २००९ मध्ये देशात ७४१ रुग्ण आढळले. २०१० मध्ये ही संख्या ४२ वर आली आणि १३ जानेवारी २०११ रोजी पश्चिम बंगालमधील हावडा जिल्ह्यात शेवटच्या रुग्णाची नोंद झाली. २७ मार्च २०१४ रोजी भारतासह आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

या यशाचे श्रेय एकट्या रोटरीला देणे अन्यायाचे होईल. दारोदार हिंडून थेंब पाजले ते मुख्यतः सरकारी आरोग्य कर्मचाऱ्यांनी, अंगणवाडी आणि आशा सेविकांनी. रोटरीने पैसा उभा केला (जगभरात दोन अब्ज डॉलरहून अधिक), सरकारांचे मन वळवले, बूथ सांभाळले. उत्तर प्रदेशात मुस्लिम वस्त्यांतून लशीविषयी संशय पसरला होता, तेथे उलेमांची समिती स्थापून त्यांच्याकरवी पालकांची समजूत घातली. ही कामे कंटाळवाणी होती. एकाच वस्तीत एकाच घरी पुनःपुन्हा जायचे, यात छायाचित्राजोगे काही नसते. पण १९८५ नंतर आलेल्या प्रत्येक अध्यक्षाच्या वाट्याला हेच उद्दिष्ट आले. ‘माझ्या वर्षातील माझा प्रकल्प’ म्हणून ते बाजूला सारण्याची मुभा कोणालाच नव्हती. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात हा विषाणू अद्याप तळ ठोकून असल्याने ती आजही नाही.

लायन्सची ओळख दृष्टिदानाशी जोडली गेली ती हेलन केलर यांनी १९२५ मध्ये त्यांच्या अधिवेशनात केलेल्या आवाहनामुळे. आपल्याकडील मोतीबिंदू शिबिरे हा त्याचाच विस्तार. मोतीबिंदू हा जणू क्लबच्या वर्षासाठीच घडवलेला विकार आहे. तपासणी एका दिवसाची, शस्त्रक्रिया काही मिनिटांची, दृष्टी परतते ती कायमची. ज्या आजीला नातवाचा चेहरा पुन्हा दिसू लागतो तिच्यापुढे शिबिरावरची सारी टीका फिकी पडते. मात्र शाळेच्या खोलीत टेबले मांडून शस्त्रक्रिया उरकण्याचा काळ गेला, हे अजून काही आयोजकांच्या गळी उतरलेले नाही. २०१४ मध्ये पंजाबातील गुरुदासपूर जिल्ह्यातील एका शिबिरानंतर अनेकांनी दृष्टी गमावली. तपासणी गावात आणि शस्त्रक्रिया सुसज्ज रुग्णालयात, हीच रीत निर्धोक होय. महाराष्ट्रातील बरेच क्लब आता तीच पाळतात.

पण पुढचा प्रश्न अधिक अवघड आहे. मधुमेहामुळे दृष्टिपटल खराब होते, काचबिंदूत डोळ्यातील मज्जातंतू हळूहळू निकामी होतो. पहिल्यासाठी दरवर्षी तपासणी लागते, दुसऱ्यासाठी बहुधा आयुष्यभर औषधाचे थेंब. दोन्हींत गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. उरलेली टिकवणे एवढेच हाती असते. येथे शिबिराचा साचा तोकडा पडतो. या वर्षी तपासलेल्या रुग्णाला पुढच्या वर्षी बोलावण्यासाठी त्याची नोंदवही कोणाकडे तरी असावी लागते, आणि सचिव बदलला की वहीही बदलते.

रक्तदानाचेही तसेच. रक्ताच्या तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. एकदा रक्त दिलेल्या पुरुषाला तीन महिने आणि स्त्रीला चार महिने पुन्हा देता येत नाही. असे असताना स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताक दिन, क्लबचा वर्धापनदिन आणि नेत्यांचे वाढदिवस या मोजक्या तारखांना शिबिरांची झुंबड उडते. एकाच दिवशी हजार पिशव्यांचा विक्रम करणाऱ्या शहरात काही आठवड्यांनी नातेवाईक एका पिशवीसाठी वणवण करतात, आणि ज्यांनी विक्रमात भाग घेतला त्यांना पुन्हा देताही येत नाही. एप्रिल-मेमध्ये परीक्षा आणि सुट्यांमुळे महाविद्यालयीन रक्तदाते पांगतात व राज्यात दरवर्षी टंचाई होते. क्लबच्या वर्षाचाही तो सरता काळ. महिन्याला पन्नास रक्तदाते देणारा क्लब वर्षाअखेरीस सहाशे पिशव्या देतो. एका दिवसाच्या सहाशेपेक्षा त्या रुग्णांच्या कितीतरी अधिक उपयोगी पडतात, पण त्यासाठी मंडप लागत नाही आणि पाहुणेही येत नाहीत.

अलीकडच्या दशकात या कामात मोठा पैसा आला आहे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते. या निधीतील काही भाग क्लबांच्या न्यासांमार्फत जातो आणि उपक्रमांचे रूप बदलते. वह्यांच्या जागी जलशुद्धीकरण यंत्रे, डिजिटल वर्गखोल्या, डायलिसिस यंत्रे येतात. यंत्राचे उद्घाटन फेब्रुवारीत होते, कारण कंपनीचे वर्ष मार्चअखेर संपते. म्हणजे एका घड्याळावर दुसरे घड्याळ चढले. शुद्धीकरण यंत्राचे गाळणी-पडदे ठरावीक काळाने बदलावे लागतात, विजेचे बिल भरावे लागते; जिल्हा परिषदेच्या शाळेकडे त्यासाठी वेगळी तरतूद क्वचितच असते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या रुग्णाला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागते, तेही आयुष्यभर किंवा प्रत्यारोपण होईपर्यंत. यंत्र ही त्यातली एकदाच होणारी खरेदी. तंत्रज्ञ, शुद्ध पाणी, दर वेळी लागणारे साहित्य यांचा खर्च कधी थांबत नाही. दात्याचे नाव कोरलेली पाटी मात्र कायमची असते.

वास्तविक कायदा याबाबत क्लबांहून उदार आहे. काम सुरू झाल्याच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षांपर्यंत चालणारा प्रकल्प कंपन्यांना मान्य करून घेता येतो. रोटरीच्या आंतरराष्ट्रीय निधीचे नियमही बदलले आहेत. ३० हजार डॉलरपासून सुरू होणाऱ्या ‘ग्लोबल ग्रँट’साठी स्थानिक गरजेची पाहणी आधी करावी लागते आणि निधी संपल्यावर काम कोण चालवणार, हेही सांगावे लागते. पाहणी कागदावर उरकता येते, हे खरे. पण प्रश्न विचारला जातो, हेही थोडे नाही.

एका कामाने या अडचणीवर अगदी सहज तोडगा काढला आहे. मोहन धारिया यांच्या ‘वनराई’मुळे महाराष्ट्राला परिचित झालेला वनराई बंधारा सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून ओढ्यावर रचतात. पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात श्रमदानाने तो उभा राहतो, अडलेले पाणी रब्बीला आणि गुराढोरांना पुरते, आणि पुढच्या पुरात तो वाहून जातो. तो दरवर्षी नव्यानेच बांधायचा असतो. कोकणात आणि पश्चिम महाराष्ट्रात कित्येक क्लब शाळा-महाविद्यालयांच्या मुलांबरोबर हे काम करतात. येथे नव्या अध्यक्षाला नवे श्रेय मिळते आणि ओढ्याला त्याचे पाणी. पक्क्या बंधाऱ्यावर लाखो रुपये खर्चून पुढे त्यातील गाळ काढायला कोणी न फिरकण्यापेक्षा हा कच्चा बंधारा किती शहाणा!

क्लबांच्या घटनेतच आणखी एक सोय आहे. रोटरीचा अध्यक्ष सूत्रे घेण्यापूर्वी सुमारे दीड-दोन वर्षे आधी ठरलेला असतो. म्हणजे माजी, विद्यमान, नियोजित आणि त्यानंतरचा असे चार अध्यक्ष एकाच सभेत एकाच टेबलाभोवती बसलेले असतात. तीन वर्षांचे काम ठरवायला याहून वेगळी यंत्रणा लागत नाही. आज ही साखळी प्रामुख्याने वापरली जाते ती मानपानाचा क्रम लावण्यासाठी.

पदग्रहणाच्या सोहळ्यात सचिव जो अहवाल वाचतात, त्यात मावळत्या वर्षी किती झाडे लावली, किती पिशव्या रक्त गोळा केले आणि किती यंत्रे दिली यांची मोजदाद असते. तीन वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी किती झाडे उभी आहेत आणि शाळेला दिलेल्या यंत्रातून आज पाणी येते की नाही, हेही त्याच अहवालात वाचून दाखवण्यास क्लबची कोणतीही घटना आड येत नाही. त्यासाठी फक्त जून महिन्यात कोणीतरी एकदा त्या टेकडीवर आणि त्या शाळेत जाऊन यायला हवे.