उन्हाचे बळी आणि कायद्यातील यादी

मार्च सरता सरता शासनाची सूचनापत्रके दरवर्षी निघतात. भर दुपारी घराबाहेर पडू नका, भरपूर पाणी प्या, सुती कपडे वापरा. सूचना चुकीच्या नाहीत. पण त्या कोणाला उद्देशून लिहिल्या आहेत, हे विचारले पाहिजे. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला येथे पारा 45 अंशांपलीकडे जातो, तेव्हा पत्र्याच्या खोलीत एकट्या राहणाऱ्या म्हातारीला ‘घरातच थांबा’ म्हणणे म्हणजे भट्टीत थांबा म्हणण्यासारखेच आहे. जो उठून माठापर्यंत जाऊ शकत नाही, त्याला पाणी पिण्याचा उपदेश काय कामाचा?

ऊन सर्वांवर सारखेच पडते, हे अर्धसत्य आहे. वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते, घामही कमी येतो. मज्जारज्जूला इजा झालेल्यांना इजेखालील शरीरभागात पुरेसा घाम येत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या व मनोविकारांवरील काही औषधे हा धोका वाढवतात. त्यावर दारिद्र्याची आणि एकाकीपणाची भर पडली की माणूस दगावतो. आणि मृत्यूच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार लिहिला जातो. म्हणूनच सरकारी आकडे लहान दिसतात. अहमदाबादेत मे 2010 मध्ये 1,344 मृत्यू जादा झाले, हे संशोधकांना दाखले वाचून नव्हे, तर एरवीच्या मे महिन्यांशी तुलना केल्यावर कळले. त्यानंतर 2013 मध्ये त्या शहराने उष्णता कृती आराखडा तयार केला. आधी मोजणी, मग उपाय, हाच त्याचा धडा आहे.

मोजणीची तरतूद आपल्या कायद्यातही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 8 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातील अपंग व्यक्तींची नोंद ठेवून त्यांना धोक्याची माहिती देणे बंधनकारक आहे. निराधार वृद्धांच्या याद्या अनुदानाच्या निमित्ताने तहसील कार्यालयांत आहेतच. या याद्या घेऊन कोणी दार ठोठावते काय, एवढाच प्रश्न आहे. फ्रान्समध्ये 2003 च्या ऑगस्टमध्ये उष्म्याने सुमारे 15,000 माणसे दगावली, त्यांत बहुसंख्य वृद्ध होते. पुढच्याच वर्षी तेथे कायदा झाला आणि इच्छुक वृद्ध व अपंगांची नोंदवही ठेवून संकटकाळी त्यांच्याशी संपर्क साधण्याची जबाबदारी महापौरांवर आली. त्याच्या खर्चासाठी कामगारांकडून एक दिवस विनावेतन काम घेण्यात आले, हा भाग आम्हांस मान्य नाही. परंतु नोंदवहीचे तत्त्व निर्विवाद आहे.

आपल्याकडे प्राधान्यक्रम कसा ठरतो पाहा. 2021 ते 2026 या 15 व्या वित्त आयोगाच्या काळात आपत्ती निधीच्या राष्ट्रीय यादीत थंडीची लाट होती, उष्णतेची लाट नव्हती. स्थानिक आपत्ती म्हणून निधीच्या 10 टक्क्यांपर्यंत रक्कम खर्चण्याची मुभा तेवढी राज्यांना होती. ज्यांना आवाज नाही, त्यांचे मरण अंदाजपत्रकात दिसत नाही.

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. कलम 8 ची यादी प्रत्येक जिल्ह्यात दरवर्षी मार्चअखेर अद्ययावत व्हावी. एप्रिल-मेमध्ये निराधारांचे अनुदान घरपोच मिळावे. बँकेच्या दारातील दुपारची रांग बंद व्हावी. शाळा व समाजमंदिरे दिवसा विसाव्यासाठी खुली राहावीत आणि तेथे चाकाची खुर्ची जाईल असा उतार असावा.

परंतु मागणी मान्य होईपर्यंत साथींनी स्वस्थ बसू नये. प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील एकट्या वृद्धांची व अपंगांची नावे लिहून काढावीत आणि उन्हाळाभर रोज दोन वेळा दार ठोठवावे. माठ भरलेला आहे का, माणूस नीट बोलतो आहे का, हे पाहावे. अंग तापून बोलणे असंबद्ध झाले तर ताबडतोब 108 ला कळवावे, तोवर सावलीत घेऊन अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. या कामाला निधी लागत नाही, माणसे लागतात. आणि ती आपल्याकडे आहेत.