पाळत आणि पुरावा

२०२५ सालच्या जुलै महिन्याच्या १४ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील बठिंडा येथून आलेल्या एका घटस्फोटाच्या दाव्यात जो निर्णय दिला, त्याचा सारांश लोकांच्या तोंडी जसजसा फिरत गेला तसतसा पालटत गेला, आणि वकिलांच्या कचेऱ्यांत येणाऱ्या पक्षकारांच्या मुखी आता तो ‘नवराबायकोला एकमेकांवर पाळत ठेवायला कोर्टाने परवानगी दिली’ या रूपात स्थिरावलेला आढळतो. न्यायालयाने असे काहीही म्हटलेले नाही. न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि न्यायमूर्ती सतीश चंद्र शर्मा यांच्यापुढे प्रश्न इतकाच होता की, पतीने पत्नीशी झालेली आपली स्वतःची टेलिफोनवरील संभाषणे तिच्या नकळत ध्वनिमुद्रित करून ठेवली असतील, तर क्रूरतेच्या कारणावरून मागितलेल्या घटस्फोटात ती पुराव्यात घेता येतील किंवा नाही. बठिंड्याच्या कुटुंब न्यायालयाने २०२० साली ती घेण्याचे ठरविले. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने पुढच्याच वर्षी खासगीपणाचा भंग म्हणून ती नाकारली. आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द करून कुटुंब न्यायालयाचा हुकूम कायम केला.

यामागील तर्क समजून घेण्याजोगा आहे. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२२ ने (नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम १२८ झाले आहे) एका जोडीदाराने दुसऱ्यास सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून न्यायालयात उघड करण्यास मनाई केली. परंतु खुद्द पतिपत्नींमध्येच दावा उभा राहिला असेल तर ही मनाई लागू नाही, असा अपवादही त्याच कलमात पहिल्यापासून आहे. ज्यांनी हे कलम रचले त्यांच्या डोळ्यांपुढे व्यक्तीचा खासगीपणा नव्हता, विवाहसंस्थेचे पावित्र्य होते, हे न्यायालयाचे म्हणणे इतिहासाला धरूनच आहे. शिवाय आडमार्गाने मिळालेला पुरावा केवळ आडमार्गाने मिळाला म्हणून फेकून द्यावयाचा नाही, ही आपल्या न्यायालयांची भूमिका जुनीच आहे. मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांच्यावरील लाचेच्या खटल्यात पोलिसांनी एका डॉक्टरच्या घरच्या टेलिफोनला त्याच्याच संमतीने ध्वनिमुद्रण यंत्र जोडले होते, आणि ते मुद्रण पुराव्यात ग्राह्य असल्याचा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७२ सालीच दिला होता.

परंतु पुरावा दप्तरात दाखल होणे ही एक गोष्ट, आणि तो ज्या हाताने मिळविला तो हात निर्दोष ठरणे ही अगदी दुसरी. दाव्याचे न्यायालय एवढेच पाहते की, प्रस्तुत ध्वनिमुद्रण वादाच्या मुद्द्याशी संबंधित आहे काय, आवाज ओळखता येतो काय, आणि त्यात काटछाट झालेली नाही ना. ते मिळविताना कोणता अपराध घडला याचा हिशेब फौजदारी न्यायालयाच्या खात्यावर स्वतंत्रपणे मांडला जातो, आणि दिवाणी निकाल अर्जदाराच्या बाजूने लागला म्हणून ते खाते बंद होत नाही. मलकानी प्रकरणात काय आणि बठिंड्याच्या दाव्यात काय, बोलणाऱ्या दोघांपैकी एकाच्या संमतीने ध्वनिमुद्रण झाले होते, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. पत्नी आपल्या आप्तेष्टांशी बोलत असता त्या संभाषणात स्वतः नसलेल्या पतीने ते टिपून ठेवल्याचे एक प्रकरण आंध्र प्रदेश उच्च न्यायालयापुढे आले होते, तेव्हा न्यायालयाने तो सरळसरळ खासगीपणाचा भंग ठरवून पुरावा नाकारला होता. आणि संशयी जोडीदाराला बहुधा हवे असते ते नेमके असेच, म्हणजे तिसऱ्याशी झालेले बोलणे.

कुटुंब न्यायालयात वकिली करणाऱ्या कोणाच्याही टेबलावर हा प्रसंग घडत असतो: पक्षकार खिशातून मोबाइल काढतो, पुढे सरकवितो आणि म्हणतो, ‘साहेब, सगळं यात आहे.’ त्या ‘सगळ्या’त काय काय असते? पत्नी झोपेत असता तिचा अंगठा लावून उघडलेल्या फोनमधील संदेशांची छायाचित्रे. आपल्या संगणकाला जोडून घेतलेले तिचे व्हॉट्सॲप. तिच्या स्कूटरच्या डिकीत दडविलेल्या जीपीएस यंत्राने नोंदविलेल्या फेऱ्या. आणि कोणा एजंटाकडून पैसे मोजून आणलेला सहा महिन्यांच्या कॉलचा तपशील. पतीच्या ठिकाणी पत्नी कल्पिली तरी या यादीत फारसा फरक पडत नाही. आता यांतील एकेका वस्तूकडे फौजदारी वकिलाच्या दृष्टीने पाहिले म्हणजे चित्र पार पालटते. दुसऱ्याच्या ताब्यातील संगणकात वा मोबाइलमध्ये परवानगीवाचून शिरून अप्रामाणिक हेतूने त्यातील मजकूर उचलणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ व ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैदेचा अपराध आहे. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे हा त्याच कायद्याच्या स्वतंत्र कलमाखाली (कलम ६६सी) आणखी एक. ‘हँडसेट मी घेऊन दिला, बिलही मीच भरतो’ हा युक्तिवाद पहिल्या बाबतीत थोडाफार चालेलही, पण पासवर्ड हँडसेटच्या पावतीवर विकत मिळत नाही. कॉलच्या तपशिलाचा मार्ग तर सर्वांत घातक, कारण २०२३ च्या दूरसंचार कायद्याच्या कलम ४२ ने कंपनीच्या विदेत अनधिकृत प्रवेश करणाऱ्यास, तसेच बेकायदा संदेश अडवून वाचणाऱ्यास, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन कोटी रुपयांपर्यंत दंड ठेविला आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ अन्वये एखाद्या पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेटच्या, ई-मेलच्या वा अन्य इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर नजर ठेवणे हे ‘पाठलाग’ या अपराधात मोडते, आणि त्या कलमाने पतीला नाव घेऊन कोठेही वगळलेले नाही. स्त्रीने पुरुषावर ठेवलेल्या पाळतीला मात्र ते लागत नाही, ही उणीव मान्य केली पाहिजे.

येथे एक विसंगती मला नेहमी खटकते. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने टेलिफोन चोरून ऐकण्यासंबंधी जे दंडक घालून दिले, त्यांनुसार देशद्रोहाचा वहीम असलेल्या इसमाचा फोन ऐकावयाचा झाला तरी सरकारला सामान्यतः गृहसचिवांचा हुकूम लागतो, आणि त्या हुकुमाची एका समितीकडून फेरतपासणी व्हावी लागते. व्यभिचार हा २०१८ च्या सप्टेंबरात भारतीय दंड संहितेचे कलम ४९७ रद्द झाल्यापासून गुन्हाच राहिलेला नाही, तो घटस्फोटाचे कारण म्हणून तेवढा उरला आहे. म्हणजे जी गोष्ट पोलिसांनी तपासण्याच्या लायकीची नाही असे राज्यघटनेने ठरविले, तिचा तपास हुकुमावाचून, समितीवाचून, निद्रिस्त माणसाच्या अंगठ्याच्या बळावर घराघरांत चालू आहे.

आणि या तपासाला बाजारही लाभला आहे. २०१८ च्या आरंभी ठाणे पोलिसांनी कॉलचा तपशील बेकायदा मिळवून विकणाऱ्यांची साखळी उघडकीस आणली, तेव्हा अटक झालेल्यांत खासगी गुप्तहेरांचाही समावेश होता. या व्यवसायाला परवाना, नोंदवही आणि मर्यादा लावणारे विधेयक २००७ साली राज्यसभेत मांडले गेले होते. त्याचा कायदा काही झाला नाही. लग्नाआधी मुलाची ‘चौकशी’ करून देणाऱ्यांच्या जाहिराती आपल्याकडे बिनदिक्कत छापल्या जातात आणि त्यांपैकी बहुतेक कामे कायद्यात बसणारीही असतील, पण न बसणाऱ्या कामांना अडविणारा कोणी अधिकारी अस्तित्वातच नाही.

मग ज्याचा संशय खरा आहे, ज्याला खरोखरच फसविले गेले आहे, त्याने काय करावे? कायद्याने त्याला वाऱ्यावर सोडलेले नाही. महाराष्ट्रातूनच गेलेल्या १९७५ सालच्या एका सुप्रसिद्ध वैवाहिक अपिलात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेविले आहे की, अशा दाव्यांत फौजदारी खटल्यासारखा निःसंशय पुरावा नको, संभाव्यतेचे पारडे एका बाजूला झुकले म्हणजे पुरे. परिस्थितिजन्य पुरावा चालतो. हॉटेलची नोंदवही, कंपनीकडील कॉलचा तपशील, बँकेचे उतारे हे दस्तऐवज न्यायालयामार्फत मागविण्याची मुभा आहे, आणि न्यायालय ते मागविताना तराजू हातात धरते: दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ साली एका पत्नीच्या अर्जावरून पतीच्या हॉटेलातील मुक्कामाच्या नोंदी मागविण्यास हरकत घेतली नाही, तर २०२५ च्या मे महिन्यात दिल्लीच्याच एका दिवाणी न्यायालयाने हॉटेलच्या कॅमेऱ्यातील चित्रण एका पतीला देण्यास नकार दिला. पुण्याच्या एका दाम्पत्याच्या दाव्यात पत्नीचा व्यभिचार शाबीत करण्यासाठी मुलाची डीएनए तपासणी करण्याचा हुकूम कुटुंब न्यायालयाने दिला, मुंबई उच्च न्यायालयाने तो कायम केला, आणि २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. आईबापांच्या भांडणात पोराच्या रक्ताची झडती घेतली जाऊ नये, हे त्या निर्णयाचे सार मला या सर्व वाङ्मयात सर्वांत मोलाचे वाटते. संशयाचा तपास कधी दोघांपुरता राहत नाही. फोनमध्ये मैत्रिणीचे दुखणे असते, बहिणीचे कर्ज असते, कचेरीतील सहकाऱ्याची तक्रार असते, आणि त्यांपैकी कोणीही दाव्यात पक्षकार नसतो.

ज्याला हे सारे पटत नाही त्याने निदान साक्ष्य अधिनियमाच्या परिशिष्टातील प्रमाणपत्राचा नमुना एकवार वाचावा. इलेक्ट्रॉनिक नोंद दाखल करावयाची तर कलम ६३ अन्वये हे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याची आवश्यकता किती कडक आहे हे जालना विधानसभेच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर-गोरंट्याल खटल्यात, जुन्या कायद्याखाली, २०२० साली ठरून गेले. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १४ खाली त्या न्यायालयाला यात सवलत देता येते, परंतु सवलत मागावी लागते. नमुन्यात यंत्राची बनावट, रंग, क्रमांक, आयएमईआय आणि हॅश मूल्य भरावयाचे असते, आणि शपथेवर असेही लिहून द्यावयाचे असते की, हे यंत्र नोंदीच्या काळात कायदेशीर ताब्यात होते. रात्री दोन वाजता उशीखालून काढलेल्या फोनविषयी या ओळीखाली सही करणारा पक्षकार आपल्याच हाताने स्वतःविरुद्ध फिर्यादीची सामग्री तयार करून देत असतो, हे त्याला सही करतेवेळी सांगणारा वकील भेटला तर त्याचे नशीब.

संशय खोटा निघाला तर? महाराष्ट्रातील एका दाव्यात पतीने आपल्या कैफियतीत पत्नीच्या चारित्र्याविषयी लिहिलेला मजकूर नंतर मसुदा दुरुस्त करून मागे घेतला होता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तेवढ्यावरून क्रूरता शाबीत धरून पत्नीला मिळालेला घटस्फोट कायम ठेविला. चिखलफेकीचा मजकूर खोडता येतो, झालेला घाव खोडता येत नाही, हे न्यायालयाने त्यावेळी ओळखले होते.

बठिंड्याच्या निर्णयात न्यायालयाने म्हटले आहे की, पतिपत्नी एकमेकांवर पाळत ठेवू लागले असतील तर ते मोडलेल्या संसाराचे कारण नसून लक्षण आहे. पुष्कळ ठिकाणी हे खरे असेल. परंतु जो संसार अद्याप मोडलेला नाही, नुसता कुरकुरत आहे, त्यातील जोडीदाराला आजचे ध्वनिमुद्रण उद्याच्या पोटगीच्या हिशेबात उपयोगी पडेल असे कळले म्हणजे लक्षणाचे कारण होण्यास वेळ लागत नाही, आणि ‘व्यभिचारात राहणाऱ्या’ पत्नीला पोटगी नाकारणारी तरतूद आजही कायम असल्याने पतीच्या दृष्टीने हा हिशेब रोकड्याचा आहे. येथे मी न्यायालयाशी नम्रपणे असहमत आहे. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम १४ ने न्यायाधीशास त्याच्या मते उपयुक्त ठरेल असा कोणताही मजकूर स्वीकारता येतो, एरवी तो अग्राह्य असला तरी. पण स्वीकारलाच पाहिजे असे ते कलम म्हणत नाही. तेव्हा ध्वनिफीत ऐकण्यापूर्वी न्यायाधीशाने ती कोठून, कशी व कोणाच्या फोनमधून आली हे लेखी विचारावे, तिसऱ्या माणसाचा मजकूर वगळून तेवढाच भाग बंद दाराआड ऐकावा, आणि गुन्हा करून मिळविलेल्या पुराव्यास दप्तरात जागा देताना तशी स्पष्ट नोंद करावी, एवढे तर आजच्या कायद्यातही, संसदेची वाट न पाहता, करता येण्याजोगे आहे.