सर्व्हर प्रशासनाचा, मोबाईल कामगाराचा!



रेल्वेत आता फाईल चालत नाही, ‘फॉरवर्ड’ होते. २०१९ पासून रेलटेलने कार्यालयांत ई-ऑफिस बसवायला घेतले. १३ ऑगस्ट २०२० ला ई-पास आला. २६ नोव्हेंबर २०२० ला रेल्वे बोर्डाच्या अध्यक्षांनी एचआरएमएसचे आणखी तीन भाग सुरू केले. एक कर्मचाऱ्याने स्वतःची माहिती पाहण्याचा, एक भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेण्याचा आणि एक निवृत्तीच्या हिशेबाचा. बारा लाखांच्या आसपास माणसांचे खाते, आणि त्या सगळ्यांची नोंद एका ठिकाणी! प्रशासन याला क्रांती म्हणते. आपल्यातले काही जण याला संकट म्हणतात. दोघांनाही दोन शब्द ऐकवायचे आहेत.

आधी घरच्यांना. ‘जुने रजिस्टर बरे होते’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा बनारसला जाऊन यावे. युनियनच्या कामासाठी माझे तिकडे जाणे होते. त्या एका शहराच्या भोवती रेल्वेचे चार मालक आहेत. वाराणसी जंक्शन उत्तर रेल्वेच्या लखनौ विभागाचे. २०२१ पर्यंत मंडुवाडीह म्हणून ओळखले जाणारे बनारस स्टेशन पूर्वोत्तर रेल्वेच्या वाराणसी विभागाचे, त्यांचे मुख्यालय गोरखपूरला. गंगेपलीकडे मुगलसराय, २०१८ पासूनचे पंडित दीनदयाळ उपाध्याय जंक्शन, ते पूर्व मध्य रेल्वेचे, त्यांचे मुख्यालय हाजीपूरला. आणि इंजिनाचा कारखाना, जुना डीएलडब्ल्यू, २०२० पासून बनारस रेल इंजिन कारखाना, तो थेट रेल्वे बोर्डाच्या हाताखाली. माणूस सकाळी निघाला तर दुपारपर्यंत चारही दारांना हात लावून येईल. पण जुन्या काळात बदली झालेल्या माणसाचे सेवापुस्तक एका दारातून दुसऱ्या दारात जायला महिने लागत. तोवर पगारवाढ अडलेली, रजेचा हिशेब अडलेला. ‘सर्व्हिस शीट आली नाही’ हे वाक्य ऐकत माणसे रिटायर झाली. आपल्याकडे दादरला पुलाच्या एका बाजूला मध्य रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला पश्चिम रेल्वे, तिथेही कथा तीच.

पासासाठी गँगमनला रजा टाकून कार्यालयात यावे लागे, बाबू जागेवर असला तर साहेब दौऱ्यावर. परस्पर बदली हवी असेल तर जोडीदार शोधायला पोस्टकार्डे लिहायची. जौनपूरचा पोरगा भुसावळला रूळ ठोकतो आहे आणि जळगावचा पोरगा मुगलसरायला, दोघांचे आईबाप म्हातारे, आणि दोघांना एकमेकांचा पत्ता नाही. आज तो अर्ज पडद्यावर टाकता येतो. हे कामगाराच्या फायद्याचे आहे, आणि ते आपल्याच क्रिसने केले आहे. १९८६ साली स्थापन झालेली रेल्वेची स्वतःची संस्था आहे ती, कुठली विलायती कंपनी नाही. तेव्हा ‘कॉम्प्युटर हटाव’ची जुनी पाटी धूळ झटकून पुन्हा बाहेर काढू नका.

आता प्रशासनाला.

व्यवस्था सगळ्यांची आहे असे म्हणता, तर तिचा खर्च सगळ्यांचा का नाही? सर्व्हर तुमचा, हुकूम तुमचा; मोबाईल मात्र कामगाराचा, रिचार्ज कामगाराचा आणि वेळही कामगाराच्या झोपेतला. पूर्वी पासाचा फॉर्म खात्याच्या कागदावर खात्याचा कारकून ड्युटीच्या वेळात भरून घेई. आज ते काम कीमन घरी बसून करतो, त्याला जमले नाही तर त्याचा पोरगा करतो. कारकुनांच्या जागा भरत नाहीत, आणि त्यांचे काम आमच्या घरात ढकलले जाते. याला प्रशासन ‘सेल्फ सर्व्हिस’ म्हणते. उडप्याच्या हॉटेलात सेल्फ सर्व्हिस असली की निदान चहा दोन पैसे स्वस्त मिळतो!

यातली खरी भीती पुढे आहे. एचआरएमएसमध्ये शिरायला मोबाईलवर ओटीपी येतो. ज्याला इंग्रजी वळणाचे ते रकाने उमगत नाहीत, तो स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात जातो. दुकानदार पैसे घेऊन पास काढून देतो, आणि पुढच्या वेळी सोपे जावे म्हणून कर्मचारी क्रमांक आणि पासवर्ड आपल्या वहीत लिहून ठेवतो. अशी वही मी डोळ्यांनी पाहिली आहे. एका पानावर आठ-दहा नावे, सगळी आमच्याच गँगची. ज्या दरवाजातून पास मिळतो त्याच दरवाजातून भविष्यनिर्वाह निधीच्या उचलीचा अर्ज जातो, हे त्या गँगमनला कुणी सांगितले? तीस वर्षे उन्हात उभे राहून साठवलेला पैसा, आणि त्याच्या दाराची किल्ली पानाच्या ठेल्याशेजारच्या वहीत. उद्या काही बरेवाईट झाले तर प्रशासन काय म्हणेल हे सांगायला ज्योतिषी नको. ‘पासवर्ड जपण्याची जबाबदारी कर्मचाऱ्याची.’

दुसरी गोष्ट दुरुस्तीची. जुनी सेवापुस्तके स्कॅन झाली, नावे-तारखा संगणकात चढल्या. चढवताना चुकाही चढल्या. एका विभागात (नाव लिहीत नाही, प्रकरण चालू आहे) एक ट्रॅकमेंटेनर सेवेत असताना वारला. संगणकात बायकोचे माहेरचे नाव, आधारवर सासरचे. बाईला कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी आठ महिने फेऱ्या माराव्या लागल्या. कार्यालय म्हणे, ‘नोंद तुमच्या माणसानेच तपासायची होती.’ त्या माणसाकडे साधा बटणांचा फोन होता. त्याची नोंद त्याला कुणी वाचून दाखवली होती? सही मात्र घेतलेली होती.

दुरुस्तीचा अर्ज आता पडद्यावर करता येतो, हे मान्य. पण तो किती दिवसांत निकालात काढायचा, आणि नाही काढला तर कुणाला जाब द्यावा लागेल, याचा धाक कार्यालयाला नाही. कामगाराला मात्र प्रत्येक गोष्टीची शेवटची तारीख. अमक्या तारखेपर्यंत माहिती भरा, तमक्या तारखेपर्यंत कबूल करा, नाहीतर पास बंद. एकाच व्यवस्थेत एकाला घड्याळ आणि दुसऱ्याला नुसते कॅलेंडर, हा कुठला न्याय?

आणि ही व्यवस्था ‘एकच’ आहे, हे तरी कुठे खरे आहे? ई-ऑफिस कुणासाठी? खुर्चीवाल्यांसाठी. तिथे प्रत्येक टिपणाला क्रमांक, तारीख, वेळ. साहेबाने काय लिहिले आणि कधी लिहिले, ते वीस वर्षांनीही सापडेल. रुळावरच्या माणसासाठी काय? व्हॉट्सॲपचा ग्रुप! रात्री दहाला मेसेज येतो, ‘उद्या पाच वाजता अमुक किलोमीटरवर हजर.’ त्याला ना आवक क्रमांक, ना सही. काम बिघडले तर वरचा म्हणतो, मी असे म्हटलेच नव्हते, आणि मेसेज पुसलेला असतो. कामगाराने पाहिला नाही तर मेमो तयार. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या कामाचे तास आणि विश्रांतीचे नियम २००५ साली नव्याने झाले. रोस्टरबाहेर रात्री दहाला मोबाईल पाहत बसणे ही ड्युटी आहे की विश्रांती, याचे उत्तर आजवर एकाही अधिकाऱ्याने मला लेखी दिलेले नाही. ड्युटी असेल तर तास धरा. विश्रांती असेल तर मेमो फाडा.

टपालातल्या साथींना हे नवे नाही. नोव्हेंबर २०१२ मध्ये ४,९०९ कोटींचा आयटी प्रकल्प मंजूर झाला. डिसेंबर २०१७ मध्ये शाखा डाकघरांसाठी ‘दर्पण’चे यंत्र आले, तेव्हाचे मंत्री मनोज सिन्हा, बनारसलाच शिकलेले आणि शेजारच्या गाझीपूरचे खासदार. ४ ऑगस्ट २०२५ पर्यंत एपीटी नावाची नवी यंत्रणा देशभर लागली, तीही खात्याच्या स्वतःच्या सीईपीटी केंद्राने बनवलेली. ती बसवताना ठिकठिकाणी एक दिवस व्यवहार बंद राहतील, अशी नोटीस खात्याने आधी दिली होती. दिली हे चांगलेच केले. पण नेटवर्कसाठी यंत्र घेऊन टेकडीवर चढणाऱ्या ग्रामीण डाकसेवकाची नोटीस कोण काढणार? कागदावर त्याचे काम चार नाहीतर पाच तासांचे. सिग्नलची वाट पाहण्यात गेलेला वेळ त्या तासांत धरत नाहीत. गावकऱ्यांची शिवी मात्र तोच खातो, सर्व्हर खात नाही.

हे सगळे मांडले की उत्तर येते, प्रशिक्षण देऊ. ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारने कर्मयोगी सप्ताह केला, प्रत्येकाने निदान चार तास ऑनलाईन शिकावे असे ठरवले. ते चार तास गेटमनने कुठून काढायचे? फाटक उघडे ठेवून? मी स्वतः मॅट्रिकच्या पुढे गेलो नाही, पण शिकवले तर शिकतो. माझ्या शाखेतल्या पन्नाशीच्या बायाही शिकल्या. मात्र त्यांना व्हिडिओने शिकवले नाही, शेजारी बसून मराठीतून एका तरुण सिग्नल खलाशाने शिकवले, दुपारच्या सुट्टीत. प्रशासनाचा त्यात एक रुपया लागला नाही. तो लागला पाहिजे.

रेल्वेत १९५२ पासून पीएनएम आहे, बोलायला टेबल आहे. टपालासह सगळ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी १९६६ पासून जेसीएम आहे. या यंत्रणा बसवताना साहेबांना ते टेबल आठवले नाही, ते आता आपण आठवून द्यायचे. प्रत्येक डेपोत आणि गँगहटजवळ खात्याचा संगणक आणि त्यावर ड्युटीच्या वेळात मदत करणारा खात्याचा माणूस हवा. पडद्यावर मराठी हवी. दुरुस्तीच्या अर्जाला तारखेची छापील पावती आणि निकालाची मुदत हवी. व्हॉट्सॲपवरचा हुकूम हुकूम मानला जाणार नाही, हे परिपत्रकाने जाहीर व्हावे. आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याचा कागदी अर्ज पूर्वीसारखा घेतलाच पाहिजे. फोन बाळगणे ही नोकरीची अट म्हणून भरतीच्या वेळी कुणी वाचून दाखवलेली नाही.

सर्व शाखा सचिवांनी आपल्या शाखेत नोंदीची चूक असलेल्या सभासदांची यादी करावी. नाव, हुद्दा, काय चुकले आहे, दुरुस्ती कधी मागितली, आणि उत्तर आले का. रात्री आलेल्या हुकुमांचे मेसेज पुसले जाण्याआधी फोटो काढून त्यांची छापील प्रत जोडावी. हे सगळे पुढच्या पीएनएमच्या आत पोहोचले पाहिजे, कारण विषयपत्रिका आधी द्यावी लागते. यादीसोबत कुणीही आपला पासवर्ड पाठवू नये. मागच्या वेळी तिघांनी पाठवला होता.